शुभंकर कोणाला म्हणावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. गेल्या महिन्यात ते आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच एका आधारगटाच्या बैठकीला गेले. दाराशी नावनोंदणी झाल्यावर वडिलांच्या सदऱ्याला ‘शुभार्थी’ असा आणि आईच्या पदराला ‘शुभंकर’ असा बिल्ला लावण्यात आला. बैठक आईंना आवडली, बिल्ला मात्र त्यांनी परतताना रिक्षातच काढून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, ‘मी शुभंकर वगैरे कोणी नाही, मी यांची बायको आहे.’ हा शब्द आला कुठून, त्याचा नेमका अर्थ काय, दुसऱ्या शहरात राहणारा मुलगा आणि दिवसभरासाठी येणारे पगारी मदतनीस यांनाही तो लागू होतो का, आणि आईंना तो नको असेल तर त्यांचे काही चुकते आहे का, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. त्यांचे काहीही चुकत नाही. मी गेली बावीस वर्षे समुपदेशक म्हणून अशा गटांच्या बैठका चालवत आलो आहे, आधी मनोविकारग्रस्तांच्या कुटुंबीयांच्या आणि नंतर कंपवाताच्या, आणि पहिल्याच बैठकीत हा शब्द आनंदाने अंगाला लावून घेणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत. बहुतेकांना तो जड वाटतो, काहींना देवघरातला वाटतो, आणि बायकांना तर हमखास असे वाटते की इतकी वर्षे जे नाते होते ते काढून घेऊन हातात एक हुद्दा दिला गेला आहे. ही अढी समजून घेतली नाही तर शब्दाचा अर्थही नीट कळत नाही, म्हणून ती बाजूला सारण्याची घाई मी करणार नाही.

शब्दाची घडण सोपी आहे. ‘शुभ’ या शब्दापुढे ‘कृ’ धातूपासून आलेला ‘कर’ जोडला गेला आणि मध्ये ‘म्’ येऊन त्याचा अनुस्वार झाला. ‘प्रियंकर’ आणि ‘भयंकर’ हे शब्द याच साच्यातले आहेत. ‘शंकर’ या नावाची फोडही ‘शम्’ म्हणजे कल्याण, ते करणारा, अशीच केली जाते. दिवेलागणीला ‘शुभं करोति कल्याणम्’ म्हणत वाढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या श्लोकात शुभ करणारा आहे तो दिवा, आणि त्याच ओळीत लगेच पुढे ‘आरोग्यम्’ येते, हा योगायोग मला नेहमी सुखावतो. साच्यातला ‘भयंकर’ हा शेजारीही विसरू नये. तोच माणूस, त्याच घरात, सकाळी शुभंकर असतो आणि रात्री अडीच वाजता चौथ्यांदा उठावे लागले की भयंकर होतो, हे बैठकीत कोणीतरी हसत हसत कबूल करतेच आणि मग सगळ्यांचेच खांदे जरा सैल होतात.

घडणीतला महत्त्वाचा भाग ‘कर’ हा आहे. मराठीत ‘हितचिंतक’ आणि ‘शुभचिंतक’ हे जुने शब्द आहेत आणि दीर्घ आजार असलेल्या घराला त्यांची कमतरता कधीच भासत नाही. दिवाळीत येऊन ‘काही लागलं तर नि:संकोच सांगा’ म्हणणारे सगळे जण मनापासूनच तसे म्हणतात, पण ते चिंतक असतात. शुभंकर हा शब्द चिंतणाऱ्यासाठी नसून करणाऱ्यासाठी आहे. मनात माया किती आहे, याचा तो हिशेब करत नाही. गोळीची वेळ कोण पाळतो, शौचालयापर्यंत कोण सोबत जातो, डॉक्टरांना गेल्या पंधरा दिवसांत काय काय बदलले हे कोण सांगतो, आणि ‘मला कोणी मारायला टपले आहे’ असे शुभार्थी म्हणतो तेव्हा वाद न घालता त्याच्याजवळ कोण बसतो, एवढेच तो विचारतो.

या शब्दाला त्याच्या जोडीदाराशिवाय, म्हणजे ‘शुभार्थी’शिवाय, अर्थ नाही. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, परीक्षार्थी म्हणजे परीक्षेला बसणारा, तसा शुभार्थी म्हणजे स्वतःचे भले व्हावे अशी इच्छा धरणारा. ‘रुग्ण’ या शब्दात माणसाला काय झाले आहे ते कळते, ‘शुभार्थी’ या शब्दात त्याला काय हवे आहे ते कळते. हा फरक वरवरचा नाही. शुभंकराने करायचे ते ‘शुभ’ कोणाच्या मते शुभ, हा वाद प्रत्येक घरात असतो, आणि त्याचे उत्तर या जोडीत दडलेले आहे. शुभ काय ते ठरवण्याचा पहिला हक्क ते मागणाऱ्याचा आहे. जोडीतला हा दुसरा शब्द विसरला की शुभंकराचा मुकादम व्हायला वेळ लागत नाही. मनोविकाराच्या तीव्र अवस्थेत माणसाला आपल्याला काही झाले आहे हेच पटत नाही, तेव्हा त्याला ‘अर्थी’ कसे म्हणावे, अशी शंका मला अनेकदा विचारली जाते. अशा वेळी त्या शब्दात थोडी उसनी आशा असते हे खरे, पण ती माणसाचा मान राखते, आणि पुढे बरे वाटू लागल्यावर आपल्याला मधल्या काळात काय म्हणत होते हे त्या माणसाला आठवत असते.

मराठीत हे दोन्ही शब्द या अर्थाने रुळले ते आधारगटांमुळे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थेत मानसिक आजारांच्या संदर्भात आणि पार्किन्सन्स मित्रमंडळात कंपवाताच्या संदर्भात ते सर्रास वापरले जातात, आणि तेथून ते स्मृतिभ्रंशासारख्या इतर दीर्घ आजारांच्या गटांतही ऐकू येतात. महाजालावर शोध घेणाऱ्याला मात्र ‘शुभंकर’ या शब्दाखाली आधी भलतेच काही सापडेल. हिंदीत, आणि आता मराठी वृत्तपत्रांतही, क्रीडास्पर्धेच्या प्रतीक-प्राण्याला शुभंकर म्हणतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतला ‘अप्पू’ हत्ती हा त्या अर्थाने शुभंकर होता. आमच्या गटातल्या एका काकांनी हे कळल्यावर आपल्या धिप्पाड मुलाकडे पाहून ‘मग बरोबर आहे’ असे म्हटले होते.

आधीचे शब्द असताना नवा कशाला काढला, हा प्रश्न रास्त आहे. कागदोपत्री वापरला जाणारा शब्द ‘काळजीवाहक’ असा आहे. त्यातल्या ‘काळजी’ या शब्दाकडे जरा थांबून पाहावे. मराठीत काळजी घेतात आणि काळजी करतातही, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काळजी घेणाऱ्याचे हात चालतात, काळजी करणाऱ्याचे डोके चालते आणि ते रात्री थांबत नाही. ‘काळजीवाहक’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो काळजीचे ओझे वाहणारा माणूस, आणि दुर्दैवाने बहुतेक घरांत तेच चाललेले असते. ‘काळजीवाहू’ हा त्याचा भाऊ तर निवडणुकीनंतरच्या मुख्यमंत्र्याला देऊन टाकलेला आहे, जो दुसरा येईपर्यंतच असतो. आपल्या आईंच्या बाबतीत दुसरे कोणी यायचे नाही. ‘केअरटेकर’ म्हटले की इमारतीचा रखवालदार आठवतो. ‘रुग्णमित्र’ हा चांगला शब्द रुग्णालयात येणाऱ्याजाणाऱ्यांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांकडे गेला आहे. ‘सेवा करणारी’ हा प्रयोग घराघरांत आहे, पण सेवेत वरचा आणि खालचा असा भेद येतो, शिवाय सेवा ही सुनेने आणि बायकोने करायचीच असते असे गृहीत धरलेले असते आणि जे गृहीत धरले जाते त्याला नाव मिळत नाही.

‘पाठीराखा’ हा माझा स्वतःचा आवडता शब्द आहे आणि तो अस्सल मराठी आहे. पण त्याची अडचण त्याच्या घराण्यातच आहे. ‘पाठीशी उभे राहणे’ यात मी दुसऱ्याच्या पाठीमागे असतो, तो पुढे असतो आणि चालतो. ‘पाठीशी घालणे’ यात मी पुढे येतो आणि त्याला माझ्या पाठीमागे लपवतो. दोन्हीकडे पाठच आहे, पण कोणाची, यावर सगळे ठरते. व्यसनाच्या क्षेत्रात हा फरक रोज पाहायला मिळतो. रात्री पिऊन आलेल्या नवऱ्यासाठी सकाळी त्याच्या कार्यालयात फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असे सांगणारी बायको त्याला पाठीशी घालत असते. ती प्रेमाने, भीतीने आणि नोकरी जाईल या धास्तीने तसे करते, तिला दोष देण्याचे कारण नाही, पण त्या फोनमुळे दारूचा जो फटका नवऱ्याला बसायला हवा होता तो तिच्या अंगावर येतो आणि पिणे चालू राहते. तो फोन करणे तिने बंद केले, की त्या दिवशी ती बाहेरून निष्ठुर दिसते आणि ‘शुभंकर’ या शब्दाच्या अर्थाला मात्र पहिल्यांदा उतरते.

कंपवातात हीच गोष्ट इतकी ठळक दिसत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. आमच्या गटात एक जोडपे येत असे. गृहस्थ निवृत्त, बोलणे मुळात कमी आणि आजाराने आवाज आणखी खाली गेलेला. त्यांना शर्टाची पाच बटणे लावायला अकरा मिनिटे लागत. बाईंनी ती घड्याळ लावून मोजली होती, कारण सकाळी त्यांना एकटीने डबा, दूध, गोळ्या आणि अंघोळीचे पाणी असे सगळे पाहायचे असे. मग त्या पुढे होऊन मिनिटभरात बटणे लावून मोकळ्या होत. एका बैठकीत मी सगळ्यांना, घरात आता आपल्याकडून काय होत नाही, असे विचारले, तेव्हा गृहस्थ बराच वेळ थांबून म्हणाले, ‘मी शर्ट घालत नाही. मला शर्ट घातला जातो.’ बाईंना ते ऐकून धक्का बसला, कारण त्या मदतच करत होत्या. पुढे दोघांनी मिळून काढलेला तोडगा असा होता की सकाळची गोळी घेतल्यावर लगेच कपडे न घालता अर्धापाऊण तासाने, गोळीचा असर चढल्यावर घालायचे, गळ्याऐवजी खालच्या, स्वतःला सहज दिसणाऱ्या बटणापासून सुरुवात करायची, आणि नवे शर्ट शिवताना बटणे मोठी लावून घ्यायची. बाईंच्या वाट्याला आलेले काम सगळ्यांत अवघड होते. त्या वेळेत त्यांनी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि उठायचे नाही. पहिल्या आठवड्यात एकही बातमी वाचून झाली नाही, असे त्यांनी सांगितले.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की हात आखडता घेणे म्हणजेच शुभ. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्याला गटात ‘फ्रीझ होणे’ असेच म्हणतात. दारात किंवा वळताना हे अधिक होते. अशा वेळी घाबरून हात धरून पुढे ओढले तर शरीर पुढे येते, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. जाणती शुभंकर शेजारी थांबते, ‘घाई नाही’ म्हणते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घ्यायला सांगते किंवा आपले पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवे ठेवून ते ओलांडायला सांगते. ओलांडायला काहीतरी मिळाले की अडलेले पाऊल पुष्कळदा उचलले जाते. इथे न करणे पुरत नाही, नेमके काय करायचे ते ठाऊक असावे लागते. म्हणूनच मी हा शब्द नात्यापेक्षा कौशल्याच्या अंगाने अधिक समजतो. बायको असण्याने हे येत नाही, शिकावे लागते, आणि ज्याला शिकावे लागते त्याला शिकण्यासाठी वेळ, जागा आणि चुका करण्याची मुभा मिळाली पाहिजे.

न शिकण्याची किंमत काय असते, हे मनोविकारांच्या बाबतीत पुष्कळ आधी दिसून आले आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या शुभार्थींचा पाठपुरावा केला, तेव्हा असे आढळले की ज्या घरांत सतत टीका होते, वैरभाव असतो किंवा अतोनात गुंतलेपण असते, त्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. टीका आणि वैरभाव यांचे आश्चर्य वाटत नाही. पण तिसरी गोष्ट, म्हणजे चोवीस तास नजर ठेवणारी, घास भरवणारी, स्वतःचे सगळे सोडून दिलेली माया, तीही त्या यादीत आहे, हे सांगितल्यावर बैठकीत शांतता पसरते. तीस वर्षांच्या मुलाच्या दाढीचे पाणी काढून ठेवणाऱ्या आईला हे ऐकणे सोपे नसते. मी तिला एवढेच सांगतो की आजार तुमच्यामुळे झालेला नाही आणि हे संशोधनही तसे म्हणत नाही, पण रोजच्या वागण्यातला सूर बदलणे तुमच्या हातात आहे आणि तो एकटीने बदलत नाही, म्हणूनच हा गट आहे.

आता, शुभंकर कोणाकोणाला म्हणावे. कायद्यातली व्याख्या पाहण्याजोगी आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसोबत राहणारी आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी असलेली व्यक्ती ही ‘केअरगिव्हर’ ठरते, मग ती नातेवाईक असो वा अन्य कोणी, मोबदला घेत असो वा नसो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये, ज्याच्या २१ प्रकारांच्या यादीत कंपवातही आहे, सोबत राहण्याची अट नाही, आईवडील आणि कुटुंबीयांसह जो कोणी मोबदल्याने किंवा मोबदल्याविना काळजी घेतो, आधार देतो किंवा साहाय्य करतो तो त्यात येतो. म्हणजे घरातच राहणारे पगारी मदतनीस दोन्ही कायद्यांत बसतात. दिवसभरासाठी येऊन परत जाणारे मदतनीस आणि परगावी राहणारा मुलगा पहिल्या कायद्याने बाहेर राहतात आणि दुसऱ्याने आत येतात.

गटातला वापर कायद्याने बांधलेला नाही, आणि माझे मत असे की तो दुसऱ्या व्याख्येच्या जवळ असावा. पगारी मदतनिसांना शुभंकर म्हणायला माझी हरकत नाही, उलट अनेक घरांत खरे कौशल्य त्यांच्याच हातात असते आणि त्यांना बैठकीला आणले तर घरचे दोन गोष्टी शिकून जातात. मात्र शब्द दिला म्हणजे सुट्टी आणि पगारवाढ द्यायला नको, असा जो सोयीचा अर्थ काही घरांत लावला जातो तो मला मान्य नाही. ‘त्या मावशी आमच्या शुभंकरच आहेत’ असे कौतुकाने सांगणाऱ्या घरात त्या मावशींना आठवड्याची सुट्टी असते का, हे मी विचारून घेतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि आम्हा समुपदेशकांना मी या शब्दात धरत नाही. आम्ही संध्याकाळी घरी जातो. आणि तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला चहा देणाऱ्यालाही धरत नाही, कारण तो आजार जाणारा आहे. हा शब्द जिथे आजार राहायला आलेला असतो तिथला आहे.

व्याकरणाच्या काही बारीक शंका विचारल्या जातात, त्याही येथेच उरकतो. संस्कृतात स्त्रीलिंगी रूप ‘शुभंकरी’ असे होईल, पण ते देवीचे नाव असल्याने गटात कोणी वापरत नाही. ‘त्या शुभंकर आहेत’ असेच म्हणतात आणि ते कानाला खटकत नाही. अनेकवचनही ‘शुभंकर’ असेच राहते, प्रत्यय लागताना ‘शुभंकराला’, ‘शुभंकरांनी’ अशी रूपे होतात. ‘शुभार्थी’चे सामान्यरूप ‘विद्यार्थ्यांना’ याच्या चालीवर ‘शुभार्थ्यांना’ असे व्हायला हवे, तरी बोलण्यात आणि आमच्या पत्रकांतही ‘शुभार्थींना’ हेच रूप रुळले आहे. मी स्वतः वर तसेच लिहिले आहे आणि ते सुधारणार नाही. घरात एकमेकांना हाक मारण्यासाठी यातला एकही शब्द नाही. रुग्णालयाच्या अर्जावर ‘नाते’ या रकान्यात तो लिहू नये, तेथे ‘पत्नी’ किंवा ‘मुलगा’ असेच लिहावे, कारण पलीकडचा कारकून हा शब्द ओळखेलच असे नाही.

माझा खरा विरोध एका वापराला आहे, आणि तो म्हणजे गौरवाचा. वार्षिक मेळाव्यात ‘आदर्श शुभंकर’ म्हणून शाल आणि श्रीफळ देण्याची प्रथा काही ठिकाणी सुरू झाली आहे. हेतू चांगला असतो. पण असा सत्कार झालेल्या एका बाई नंतर चार महिने बैठकीला आल्या नाहीत, आणि भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘आता तिथे येऊन मी दमले असं कोणत्या तोंडाने सांगू?’ त्यांची कंबर दुखत होती, रक्तदाब वाढला होता, आणि मधल्या काळात त्यांनी नवऱ्यावर एकदा हात उगारला होता, जे त्यांनी मला मान खाली घालून सांगितले. हे सगळे सांगण्यासाठीच तर ती जागा होती, आणि शालीने ती त्यांच्याकडून काढून घेतली. शुभंकर हे भूमिकेचे नाव आहे, गुणाचे नाही. शिक्षक वाईट शिकवू शकतो आणि तरी शिक्षकच असतो, तसा शुभंकर चिडू शकतो, चुकू शकतो, कंटाळू शकतो, एखाद्या दिवशी सगळे सोडून निघून जावेसे त्याला वाटू शकते आणि तरी तो शुभंकरच असतो. त्या नावामुळे त्याला पुण्य मिळायची गरज नाही, पण त्याच्या दुखऱ्या कंबरेला आजाराच्या चर्चेत जागा मिळायला हवी. बायको म्हणून कंबर दुखली तर ती घरातली किरकोळ गोष्ट ठरते, शुभंकर म्हणून दुखली तर डॉक्टरांना ती विचारावी लागते. आईंना हा शब्द काही देऊ शकत असेल तर एवढेच, आणि माझ्या मते ते थोडे नाही.

शुभार्थी गेल्यावर काय, हा प्रश्न प्रश्नकर्त्यांनी विचारलेला नाही, पण शब्दाचा खरा कस तिथे लागतो म्हणून सांगतो. आमच्या गटातल्या एका बाईंचे पती वारले. पुढच्या महिन्यात त्या बैठकीला आल्या आणि बिल्ल्यांच्या टेबलापाशी थांबल्या. मांडलेल्या दोन ढिगांकडे पाहून त्यांनी शांतपणे विचारले, ‘आता माझा कोणता?’ टेबलामागच्या तरुण स्वयंसेवकाला काही सुचेना. बाईंनीच मग ‘शुभंकर’चा एक उचलला आणि लावला. त्या दिवशी त्यांच्या शेजारी एक नवीन गृहस्थ बसले होते, ज्यांच्या पत्नीला पाणी पिताना ठसका लागू लागला होता. बाईंनी त्यांना सांगितले की मान वर करून पिऊ देऊ नका, ताठ बसवून हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, घोट लहान ठेवा, आणि ठसका वारंवार लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, थांबू नका. हे सांगताना त्यांचा हात स्वतःच्या हनुवटीवर गेला होता. त्यानंतर कोणीतरी ‘माजी शुभंकर’ असा तिसरा बिल्ला छापावा असे सुचवले, ते आम्ही नाकारले.

आता आपल्या घराबद्दल. आईंनी बिल्ला लावलाच पाहिजे असे नाही. पुढच्या बैठकीला तो न लावता त्यांना येऊ द्या. लावायचाच झाला तर त्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचे नाव आणि खाली लहान अक्षरांत ‘शुभंकर’ असे लिहून घ्या. पहिल्या दिवशी माणसाचे नाव न लिहिता नुसती भूमिका टाचणे ही त्या गटाच्या आयोजकांची चूक होती, आणि अशी चूक आम्हीही अनेक वर्षे केली आहे. बऱ्याच गटांत शुभंकरांसाठी शुभार्थींपासून वेगळा असा काही वेळ ठेवलेला असतो, तो आहे का ते विचारा आणि त्या वेळी वडिलांजवळ आपण बसा. आई आत काय बोलल्या ते नंतर विचारू नका.

आपण स्वतः दुसऱ्या शहरात राहता, त्यामुळे वडिलांचे रोजचे काही आपल्या हातून होणार नाही, आणि औषधांच्या वेळांवरून फोनवर आईंना सूचना देत राहिल्याने तर काहीच साधणार नाही. पण आईंचे शुभंकर होण्याला अंतर आड येत नाही. महिन्यातून एक रविवार निश्चित करा, आदल्या दिवशी घरी या आणि त्या दिवशी वडिलांचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे सगळे आपल्याकडे घ्या. आईंनी कुठे जायचे ते त्यांनी ठरवावे, बहिणीकडे, मैत्रिणीकडे किंवा नुसते बागेत बाकावर. आदल्या रात्री त्यांच्याकडून गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि वडील कोणत्या दाराशी अडतात ते प्रत्यक्ष पाहून ठेवा. पहिल्या रविवारी त्या तीनदा तरी फोन करतील. दुपारची गोळी किती वाजता दिली तेवढे सांगावे आणि फोन ठेवावा.